इंग्रजीतलं ‘गेट’ आणि आपलं ‘लागणे’

माजलगावकडची एक मुलगी लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिची चिठ्ठी जरा आटोपशीर करून देतो:

‘सर, वॉर्डात राउंड चालू होता. मला सकाळपासून भूक लागलेली, त्यात पाय दुखायला लागलेले. मोठे डॉक्टर एका आजोबांकडे बघून म्हणाले, “गेट हिम टू ड्रिंक समथिंग.” मी पळत जाऊन ओआरएसचा ग्लास आणला आणि आजोबांच्या टेबलावर ठेवला. तासाभराने बघतात तर ग्लास तसाच. सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. शाळेत गेट म्हणजे मिळवणे असं शिकवलं होतं. डिक्शनरी उघडली तर अर्थ संपता संपेनात. लई गोंधळ व्हायलाय. गेटचा खरा अर्थ एकदाचा सांगा, पाठ करून टाकते.’

बाळ, पाठ करू नको. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं फळ्यावर चार रकाने आखून ‘गेट, गॉट, गॉट, मिळवणे’ असं पोरांकडून घोकून घेतलं. पोरं घोकायची, परीक्षेत लिहायची, आणि बाहेर कुणी ‘गेट रेडी’ म्हटलं की एकमेकांकडे बघायची. रेडी काय मिळवायचं? दोष पोरांचा नव्हता, माझ्या चौथ्या रकान्याचा होता. तिथे एकच मराठी शब्द मावायचा.

तुझ्याच चिठ्ठीकडे बघ. ‘लागणे’ त्यात तीन वेळा आलंय. भूक लागली, पाय दुखायला लागले, बोलणी खावी लागली. पहिल्यात काहीतरी जाणवलं, दुसऱ्यात काहीतरी सुरू झालं, तिसऱ्यात इलाज नव्हता म्हणून करावं लागलं. यातला ‘लागणे’चा खरा अर्थ कोणता, असं तू आजवर कुणाला विचारलं नसशील. ठेच लागली, नोकरी लागली, बोरला पाणी लागलं, आंबा गोड लागला, गाडी फलाटाला लागली, वांग्याला कीड लागली, लातूरला जायला तीन तास लागले. आपण एकदाही अडखळत नाही. का? कारण आपण ‘लागणे’ कधी एकटं शिकलोच नाही. भुकेसोबत शिकलो, ठेचेसोबत शिकलो, बसच्या वेळेसोबत शिकलो.

उद्या केरळची एखादी सिस्टर तुमच्या वॉर्डात आली आणि ‘लागणे’ म्हणजे काय ते एका शब्दात सांग म्हणाली, तर काय सांगशील? इजा होणे? मग ‘आजीचा आत्ताच डोळा लागला’ ऐकून ती बिचारी डोळ्यात घालायचे थेंब शोधत बसेल. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे १८५७ च्या त्या जाडजूड दुसऱ्या आवृत्तीत, ‘लागणें’ची नोंद काढून बघ कधी. तुला ‘गेट’बद्दल वाटतंय तेच साहेबाला आपल्या ‘लागणे’बद्दल वाटलं असणार.

‘गेट’ हे इंग्रजांचं ‘लागणे’ आहे. प्रत्येक वाक्यात एकाच्या जागी दुसरं बसेल असं मात्र नाही. दोन्ही क्रियापदं पाण्यासारखी आहेत, ज्या भांड्यात ओतावीत त्याचा आकार घेतात. म्हणून ‘गेट’ दिसलं की ‘गेट’कडे बघायचं नाही, त्याच्या पुढे काय उभं आहे ते बघायचं. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आलं. बाकीचं त्याचं विवरण आहे, पण तुला वॉर्डात तेच कामाला येईल.

आधी त्या ओआरएसच्या ग्लासाचा निकाल लावू.

डॉक्टर म्हणाले, ‘गेट हिम टू ड्रिंक समथिंग.’ तू ऐकलंस, ‘गेट हिम समथिंग टू ड्रिंक.’ दोन्हींत तेच पाच शब्द आहेत. फक्त ‘समथिंग’ने जागा बदलली. तू ऐकलंस त्यात ‘हिम’च्या मागोमाग वस्तू येते: त्याला काहीतरी आणून दे, पिण्यासाठी. पाणी, चहा, ओआरएस, काहीही. आणलंस की तुझं काम संपलं. डॉक्टर म्हणाले त्यात ‘हिम’च्या मागोमाग ‘टू ड्रिंक’ येतं, म्हणजे क्रिया येते. माणूस आणि त्याच्यापुढे ‘टू’ लावलेली क्रिया आली, की ‘गेट’चा अर्थ होतो त्याच्याकडून ते करवून घेणे. आजोबांना काहीतरी प्यायला लाव. ग्लास कुणी आणला याच्याशी डॉक्टरांना कर्तव्य नव्हतं. आजोबांच्या पोटात घोट जायला हवा होता.

इथे मराठीतली एक गंमत बघ. ‘प्यायला लाव’ मधलं ‘लावणे’ हे ‘लागणे’चंच सकर्मक भावंड आहे. तो रडायला लागला, त्याला रडायला लावलं. आपल्याकडे त्यासाठी दोन रूपं आहेत, इंग्रजी एकाच ‘गेट’वर दोन्ही भागवते.

पण ‘लावणे’त थोडी जबरदस्ती आहे, ‘गेट’मध्ये ती नाही. ‘गेट हिम टू ड्रिंक’ म्हणजे समजावून, गोंजारून, ‘आजोबा, एक घोट घ्या, नातीसाठी घ्या’ असं करत पाजणं. जबरदस्तीसाठी ‘मेक’ आहे: ‘मेक हिम ड्रिंक’. आणि तिथे ‘टू’ येत नाही. ‘मेक हिम टू ड्रिंक’ असं आपल्याकडे वर्गावर्गांतून ऐकू येतं, ते चूक. तसंच ‘गेट हिम ड्रिंक’ हेही चूक. ‘गेट’ला ‘टू’ लागतो, ‘मेक’ला लागत नाही. एवढं मात्र पाठ कर.

आता पुढे नाम आलं तर. ‘गेट द फाइल’, फाइल आण. ‘आय गॉट युअर मेसेज’, तुझा निरोप मिळाला. ‘शी गॉट डेंगी’, तिला डेंगी झाला. ‘लातूर गॉट वॉटर बाय ट्रेन’, लातूरला रेल्वेने पाणी आलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून टँकरची रेल्वे आली तेव्हा हे वाक्य मी वर्गात लिहिलं होतं आणि विचारलं होतं, लातूरने पाणी ‘मिळवलं’ का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘मिळवलं कुठं सर, आलं.’ त्या पोराला ‘गेट’ कळलं होतं. शाळेतल्या रकान्यातलं ‘मिळवणे’ या गटात काही वेळा बसतं, तेही जिथे कष्ट करून काही हाती येतं तिथेच. ‘शी गॉट नाइन्टी मार्क्स’, हो, तिने मिळवले. डेंगी कुणी मिळवत नाही.

‘हाती येणे’ म्हणालो, त्यावरून आठवलं. ‘गेट’ हा मुळात इंग्रजांचा शब्द नाही. उत्तरेकडून जे व्हायकिंग इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या भाषेतल्या ‘गेटा’ या क्रियापदावरून तो आला. साधारण १२०० च्या सुमारास तो इंग्रजीत रुळलेला दिसतो. मूळ अर्थ हाती लागणे, पकड मिळणे. आपलं ‘हाती लागणे’ तिथे अगदी फिट्ट बसतं. इंग्रजीकडे त्याच कुळातला स्वतःचा एक शब्द होता, पण तो एकटा उभा राहत नसे, उपसर्गाचा हात धरून चालायचा. ‘फर्गेट’ त्यातलाच. पकड सुटणे, म्हणजे विसरणे. अमेरिकन लोक ‘गॉटन’ म्हणतात ते ऐकून आपली मंडळी त्यांना हसतात, पण ते रूप जुनंच आहे. ‘फर्गॉटन’मध्ये इंग्रजांनीही ते जपून ठेवलंय. तू परीक्षेत ‘गॉट’ लिही, सिनेमात ‘गॉटन’ ऐकलंस तर दचकू नको.

पुढे विशेषण आलं तर ‘गेट’ म्हणजे होणे. ‘गेट रेडी’, तयार हो. ‘गेट वेट’, भिजणे. ‘गेट अँग्री’, चिडणे. या गटावर जरा रेंगाळतो, कारण नर्सच्या कामात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही आणि आपल्या भागातल्या मुलांना ते शिकायला सगळ्यांत सोपं आहे.

‘ही इज वीक’ आणि ‘ही इज गेटिंग वीक’. पहिलं म्हणजे तो अशक्त आहे. काल होता, आज आहे, घाबरायचं कारण असेल किंवा नसेल. दुसरं म्हणजे तो अशक्त व्हायलाय. आत्ता, तुझ्या डोळ्यांदेखत. ड्युटी बदलताना रात्रीच्या सिस्टरला तू ‘इज’ सांगितलंस आणि खरं ‘इज गेटिंग’ असेल, तर ती रात्री दोनला उठून बघणार नाही.

वर मी ‘व्हायलाय’ लिहिलं, ते मुद्दाम. क्रमिक पुस्तकात ‘तो अशक्त होत आहे’ असं भाषांतर असतं. असं मराठी परभणीत, बीडमध्ये कुणाच्या तोंडी ऐकलंस का? आपण म्हणतो, अंधार पडायलाय, गरम व्हायलंय, बरं वाटायलंय. पुण्याकडचे पाहुणे हसतात, शाळेतल्या बाई ‘शुद्ध बोला’ म्हणून हातावर पट्टी मारायच्या. मला विचारशील तर या एका ठिकाणी मराठवाड्याची बोली पुस्तकी मराठीपेक्षा इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधार पडायलाय. ‘इट्स गेटिंग हॉट’, गरम व्हायलंय. ‘शी इज गेटिंग बेटर’, बरी व्हायलीय. ‘द वूंड इज गेटिंग ड्राय’, जखम सुकायलीय. तू मनात आपल्या बोलीत वाक्य म्हण आणि ‘व्हायलाय’ आलं की ‘इज गेटिंग’ लाव. मी हे शिकवायला लागलो त्या वर्षापासून वर्गातली निम्मी भीती गेली. पुस्तकात अशी युक्ती मला कुठे दिसली नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरात बहुधा असं बोलत नसावेत.

एक खाचखळगा सांगतो. ‘मी पास झालो’ यातलं ‘झालो’ बघून पोरं ‘आय गॉट पास’ लिहितात. मराठीतल्या प्रत्येक ‘होणे’ला ‘गेट’ लागत नाही. तिथे ‘पास’ हेच क्रियापद आहे, ‘आय पास्ड’ एवढंच पुरे.

आता क्रियापदाचं तिसरं रूप पुढे आलं तर. ‘ही गॉट हर्ट’, त्याला लागलं. बघ, पुन्हा ‘लागणे’! ‘ही गॉट स्टंग बाय अ स्कॉर्पियन’, त्याला विंचू चावला. ‘शी गॉट मॅरीड’, तिचं लग्न झालं. माणसावर काहीतरी येऊन आदळलं, चांगलं किंवा वाईट, बहुतेक वेळा वाईट, की बोलण्यातलं इंग्रजी ‘वॉज’ऐवजी ‘गॉट’ घेतं. नोकरीसाठी ‘आय गॉट सिलेक्टेड’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते बरोबरच आहे. ‘गॉट मॅरीड’नंतर मात्र ‘विथ’ नको, ‘टू’ हवा. आपल्या ‘च्याशी लग्न झालं’मधला ‘शी’ तिथे ‘विथ’ होऊन घुसतो.

याच गटाचा एक भाऊ आहे. ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘गेट द ब्लड टेस्ट डन’. म्हणजे रक्ताची तपासणी करून घे, कुणाकडून का होईना. इथे मराठी आपल्याला फसवते. पेशंटचे वडील सांगतात, ‘काल एक्स-रे काढला.’ काढला कुणी? टेक्निशियनने. आपल्याला मराठीत ते कळतं, म्हणून आपण कर्त्याची फिकीर करत नाही. पण तू केसपेपरवर ‘फादर टुक एक्स-रे’ लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, बाप रेडिओलॉजिस्ट दिसतोय. ‘ही गॉट अॅन एक्स-रे डन’. तसंच ‘मी केस कापले’. न्हाव्याकडे जाऊन आला असलास तरी मराठीत चालतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की स्वतः आरशासमोर कात्री घेऊन बसलास असं चित्र उभं राहतं. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’. खूण अशी: मराठीत ‘करून घेतलं’ म्हणता येत असेल, तर इंग्रजीत हा साचा वापर.

पुढे जागा आली तर ‘गेट’ म्हणजे पोचणे. ‘आय गॉट टू अंबाजोगाई अॅट सिक्स’. गावाच्या आधी ‘टू’, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी काही नाही. ‘आय गॉट टू होम’ चुकीचं. बस.

‘हॅव गॉट’ने फार गोंधळू नको. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’, मला दोन बहिणी आहेत. मिळाल्या नाहीत, आहेत. आणि ‘आय हॅव गॉट टू गो’, मला जावं लागतंय. पुन्हा आपलं तेच. पहिल्या वाक्यातला ‘टू’ आकडा आहे, दुसऱ्यातला क्रियापदाआधीचा. कानाला जवळपास सारखाच ऐकू येतो, तेव्हा परत ‘टू’च्या पुढे काय आलं ते बघायचं.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ वगैरे जोडशब्दांच्या याद्या बाजारात पुस्तकापुस्तकांत मिळतात. त्या विकत घेऊ नको. वॉर्डात जे येतील ते एकेक वाक्यासकट वहीत उतर. ‘गेट अप’, उठ. ‘गेट हिम अप’, त्याला उठवून बसव. ‘शी गॉट ओव्हर द फीवर’, तापातून उठली. एकच गाठोडं सोडवून देतो, कारण तिथे आपल्याकडे सगळेच चुकतात: बसमधून उतरताना ‘गेट डाऊन’ म्हणतात. भारतात चालतं, कंडक्टरला कळतं, पण बाहेरदेशी ‘गेट ऑफ द बस’. ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, त्यात ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं, म्हणजे रिक्षा, कार, त्यात ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. जीपमध्ये अकरा माणसं कोंबलेली असली तरी ती ‘इन’च.

तू चिठ्ठीच्या शेवटी परदेशात जायचं म्हणून ओईटीची परीक्षा द्यायचा विचार लिहिलाहेस, म्हणून आणखी एक. ओईटी हीच मुळात दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षा आहे. तिच्या बोलण्याच्या भागात ‘गेट’ भरपूर वापर, त्याने बोलणं मोकळं वाटतं. ‘आर यू गेटिंग एनी पेन?’ हे ‘डू यू एक्सपीरियन्स एनी पेन?’पेक्षा पेशंटला किती आपलं वाटतं बघ. पण पत्र लिहायचा भाग आला की ‘गेट’ला बाहेर बसव. तिथे ‘गॉट’च्या जागी ‘रिसीव्ह्ड’, ‘गॉट वर्स’च्या जागी ‘डिटिरिओरेटेड’, ‘गॉट’ आणि आजाराचं नाव असेल तर ‘डेव्हलप्ड’. इंग्लंडातले मास्तरही पोरांच्या निबंधातले ‘गॉट’ लाल शाईने खोडतात. आपण अर्जात ‘पगार लागला नाही’ लिहीत नाही, ‘वेतन अदा झाले नाही’ लिहितो, तसं.

उच्चाराचं राहिलं. देवनागरीत मी ‘गेट’ लिहितोय आणि फाटकालाही आपण ‘गेट’च लिहितो, पण दोन्ही एक नाहीत. क्रियापदातला ‘गे’ तोकडा, झटकन तोडायचा, ‘पेन’मधल्यासारखा. फाटकातला लांब, शेवटी ‘इ’कडे झुकणारा. आमच्या वर्गात एकदा एकाने ‘गेट आउट’ इतकं ऐसपैस म्हटलं की दुसरा खिडकीतून शाळेचं फाटक बघायला लागला.

आता वॉर्डात जाशील तेव्हा खिशात एक लहान वही ठेव. ‘गेट’ कानावर पडलं की नुसता शब्द लिहू नको, पुढचे तीन-चार शब्दही लिही, कोण कुणाला म्हणालं तेही. पंधरा दिवसांनी ती पानं मला पाठव. आणि त्या आजोबांनी शेवटी ओआरएस घेतलं का, तेवढं कळव.